पालखीचा मान आणि पेटीची किल्ली

विजयादशमीच्या पहाटे तुळजापूरच्या देवळात पाय ठेवायला जागा नसते. भवानीची मूर्ती चल आहे, जागेला जखडलेली नाही, आणि वर्षातून ज्या मोजक्या वेळी ती सिंहासन सोडते त्यांतली ही एक. १०८ साड्यांचे दिंड बांधून तिला पालखीत बसवतात, कुंकवाच्या उधळणीत देवळाभोवती प्रदक्षिणा होते आणि मग देवी पलंगावर श्रमनिद्रेला जाते. पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आलेली असते. तिचा मान तिथल्या भगत घराण्याचा. पलंग येतो घोडेगाव-जुन्नर-नगर अशी वाट करत, आणि त्याचा मान दुसऱ्याच घराण्याचा.

त्या गर्दीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पालखीचा मान म्हणजे पालखीचाच मान. तो कितीही पिढ्यांचा असो, त्याच्या जोरावर कुणी जामदारखान्याची किल्ली मागत नाही की अभिषेकाच्या पावत्या फाडत नाही. मूर्तीची प्रत्यक्ष सेवा भोपे पुजाऱ्यांकडे. पाळीकरांच्या तर नावातच हक्काची मुदत आहे: पाळी आली की हक्क, पाळी सरली की पुढचा. उपाध्ये वेगळे, महंतांचे मठ वेगळे, गोंधळी वेगळे. तुळजापूर हैदराबाद संस्थानात होते तेव्हा, सहावे निझाम मीर महबूब अली खान गादीवर असताना, १९०९ साली ही सगळी व्यवस्था कागदावर आली. त्या नियमावलीचे नाव ‘देऊल-ए-कवायत’. निझाम गेला, संस्थान विलीन झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. पण गैरवर्तन करणाऱ्या पुजाऱ्याला काही महिने प्रवेशबंदी करायची वेळ आली की मंदिर संस्थान अजूनही त्याच नियमावलीचा आधार घेते.

संगणकाच्या पुस्तकात देऊळ कशाला, असे वाचकाला वाटेल. कारण असे की १९७५ साली, म्हणजे देऊल-ए-कवायतनंतर ६६ वर्षांनी, जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी संगणकातल्या माहितीच्या रक्षणावर एक लांबलचक निबंध लिहिला. त्यात आठ तत्त्वे मांडली. त्यांतले एक पुढे इतके रूढ झाले की आज संगणक-सुरक्षेचा कोणताही अभ्यासक्रम त्याच्याशिवाय सुरू होत नाही. प्रत्येक माणसाने आणि प्रत्येक प्रोग्रॅमने आपले काम करायला लागतील तेवढ्याच हक्कांनिशी वावरावे, एकाही जास्तीच्या नाही, असे ते तत्त्व. त्यातले ‘प्रत्येक प्रोग्रॅमने’ हे शब्द या प्रकरणाचा विषय आहेत. माणसांचे मान-हक्क ठरवण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. प्रोग्रॅमला मात्र आपण घरात घेतो आणि किल्ल्यांचा जुडगाच हाती देतो.

हा जुडगा कुठे घात करतो ते पाहण्यासाठी आता तिकिटाकडे येऊ. हे तिकीट एसटीचे नव्हे. मोठ्या कार्यालयात, बँकेत, कंपनीत तुम्ही तक्रार केली की तिला एक क्रमांक मिळतो. तक्रार कधी आली, कुणाकडे गेली, कोण काय म्हणाले, कधी मिटली, हे सगळे त्या क्रमांकाखाली साठत जाते. संगणकवाले या नोंदीला तिकीट म्हणतात आणि अशा नोंदी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला तिकीट-प्रणाली. ‘तिकीट उघडले’, ‘तिकीट बंद केले’, ‘माझ्या नावावर चाळीस तिकिटे पडलीत’ ही पुण्या-हिंजवडीतल्या आयटीवाल्यांची रोजची भाषा आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गाव खरे, बाकी कल्पना. समजा, नवरात्रात तुळजापूरला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी कुणी एक मदतकक्ष उभारला. भक्तनिवासात पाणी नाही. ऑनलाइन पैसे कापले गेले पण पास आला नाही. गोमुख तीर्थाजवळ आईची पिशवी राहिली. सोलापूरहून चालत निघालेला काका अजून पोचला नाही. प्रत्येकाचे एक तिकीट. नवरात्रात हे हाताने झेपणारे नाही, म्हणून कक्षाने आपल्या प्रणालीला चार बाहेरची सॉफ्टवेअरे जोडली. एक व्हॉट्सॲपवर आलेल्या निरोपाचे तिकीट करते, दुसरे परत गेलेल्या पैशांची नोंद टाकते, तिसरे यात्रेकरूला मोबाइलवर संदेश धाडते, चौथे रोज रात्री साहेबांसाठी आकडेवारीचा तक्ता बनवते. या प्रत्येक जोडणीला प्रणालीत शिरण्यासाठी एक खाते लागते, जसे माणसाला लागते. त्या खात्याला काय काय करू द्यायचे, हे कुणीतरी ठरवावे लागते.

इथे घाई न करता एकेकीकडे पाहू. व्हॉट्सॲपच्या जोडणीला नवे तिकीट उघडता आले पाहिजे आणि त्याच माणसाच्या तिकिटाचे पुढे काय झाले ते वाचता आले पाहिजे. दुसऱ्याचे तिकीट तिला दिसायचे कारण नाही. कर्मचाऱ्यांनी आपापसात लिहिलेल्या टिपा तर मुळीच नाही. ‘हा माणूस तिसऱ्यांदा हीच तक्रार करतोय’ हे वाक्य त्या माणसाच्याच व्हॉट्सॲपवर जाऊन पडले की काय होईल, याचा विचार करा. पैशांच्या जोडणीला फक्त परताव्याच्या तिकिटांवर एक ओळ लिहायची आहे. पिशवीचे आणि काकाचे तिकीट तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नसावे. संदेश धाडणाऱ्या सॉफ्टवेअरला तर आत यायचीच गरज नाही. प्रणालीने आतून बाहेर एक मोबाइल क्रमांक आणि एक वाक्य द्यावे, ते पोस्टमनसारखे दारातूनच परत जाईल. आणि आकडेवारीवालीला सगळी तिकिटे मोजायची आहेत खरी, पण मोजायला नाव आणि मोबाइल क्रमांक कशाला लागतो? किती, कुठे, किती वेळात मिटले, एवढे पुरे. तिकीट पुसून टाकण्याचा हक्क या चौघींपैकी एकीलाही नको. नवे वापरकर्ते बनवण्याचा तर नकोच नको.

हे वाचताना सोपे वाटते. प्रत्यक्षात काय होते ते मी एका कार्यालयात पाहिले आहे. नाव सांगत नाही, कारण ते कुठलेही असू शकले असते. जोडणी करून द्यायला कंपनीचा पोरगा येतो. त्याला संध्याकाळची गाडी पकडायची असते. तो आधी मर्यादित खाते वापरून पाहतो, पडद्यावर ‘परवानगी नाही’ असे येते. नेमकी कोणती परवानगी कमी पडली हे शोधायला तास-दोन तास लागतील. तो विचारतो, “साहेब, ॲडमिनचा पासवर्ड आहे का? आत्ता चालू करून देतो, मग कमी करू.” साहेब ड्रॉवरमधली डायरी काढतात. जोडणी चालू होते, चहा येतो, पोरगा जातो. ते ‘मग’ कधीच येत नाही, कारण चालू असलेल्या गोष्टीला हात लावण्याचे धाडस कुणाला नसते. यात कुणाचाही हेतू वाईट नाही. घात होतो तो ‘परवानगी नाही’ या दोन शब्दांना आपण अडथळा समजतो म्हणून. खरे तर ती प्रणाली आपले काम चोख करत असते.

बाहेरच्याला गरजेहून मोठा हक्क दिल्यावर काय होते, याचे एक उदाहरण तुळजापुरातच आहे आणि त्यात संगणकाचा संबंध नाही. देवीच्या सिंहासनापुढच्या दानपेटीचा पूर्वी लिलाव होत असे. ठेकेदाराने बोलीची रक्कम भरायची आणि पेटीतल्या उत्पन्नावर त्याचा हक्क. १९९१ ते २००९ या काळातल्या अशा लिलावांत अपहार झाल्याचे आरोप झाले, तपास सीआयडीकडे गेला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आले. दोष कुणाचा, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे. आपल्या कामाचा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. संस्थानला हवे होते पेटीतल्या पैशांचे संकलन आणि मोजणी. ठेकेदाराला मिळत होती पेटी. या दोहोंतल्या अंतराला संगणकाच्या भाषेत ‘जास्तीची परवानगी’ म्हणतात.

दुसरे उदाहरण जालना जिल्ह्यातले. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानाचा घोटाळा २०२५ मध्ये गाजला. शेतकऱ्यांच्या नावाचे अनुदान भलत्यांच्या खात्यांत गेल्याचा हा प्रकार, आणि त्याच्या चौकशीत तहसीलदारांचे लॉगिन आणि पासवर्ड खालच्या कर्मचाऱ्यांच्या हाती असल्याचे पुढे आले. मराठवाड्यातल्या कुठल्याही तहसीलच्या आवारात चार दिवस बसलेल्याला यात नवल वाटणार नाही. साहेबांना वेळ नसतो, याद्या तर भरायच्या असतात. पण अनुदानाच्या प्रणालीत यादी भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा अशी दोन खाती असतात ती एकाने दुसऱ्याला तपासावे म्हणून. दोन्ही एकाच हातात आली की तपासणी उरते ती फक्त पडद्यावर. सॉफ्टवेअरच्या जोडणीला साहेबांचे खाते देणे म्हणजे हेच. फरक इतकाच की सॉफ्टवेअर रात्री झोपत नाही.

आता जगातली एक गोष्ट. ती मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण या विषयाचे इतके नेमके उदाहरण दुसरे माझ्या माहितीत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या अमेरिकी कंपनीच्या तिकीट-प्रणालीत चोर शिरल्याचे उघड झाले. ओक्टाचा धंदाच इतर कंपन्यांची लॉगिने सांभाळण्याचा. चोरांनी वापरलेले खाते माणसाचे नव्हते, प्रणालीतच साठवलेले एक सेवा-खाते होते, आणि त्याला ग्राहकांची तिकिटे पाहण्याची व बदलण्याची परवानगी होती. त्या खात्याचा पासवर्ड एका कर्मचाऱ्याच्या खासगी गुगल खात्यात जाऊन बसला होता. तिकिटांना ग्राहकांनी अडचण समजावून सांगण्यासाठी फायली जोडल्या होत्या आणि त्यांतल्या काहींत चालू लॉगिनच्या खुणा जशाच्या तशा होत्या. चोरांनी त्या वेचल्या.

ओक्टाच्या ग्राहकांत क्लाउडफ्लेअर होती. जगातल्या असंख्य संकेतस्थळांची वाहतूक सांभाळणारी, सुरक्षेच्या क्षेत्रातली नावाजलेली कंपनी. या चोरीनंतर तिने आपली किल्ली-कुलुपे बदलली. हजारो बदलायची होती, चार राहिली: एक टोकन (पासवर्डऐवजी सॉफ्टवेअरने दाखवायचा सांकेतिक पास) आणि तीन सेवा-खाती. ही वापरात नाहीत, असा समज होता. त्या तिनांतले एक खाते होते स्मार्टशीट नावाच्या सॉफ्टवेअरचे. स्मार्टशीट म्हणजे कामांचे तक्ते ठेवण्याचे साधन, आणि ते क्लाउडफ्लेअरच्या जिरा या तिकीट-प्रणालीला जोडलेले होते. त्या खात्याला जिरामध्ये ॲडमिनचे अधिकार होते. तक्त्याच्या सॉफ्टवेअरला तिकीट-प्रणालीचे ॲडमिनपद! आमच्या कल्पित मदतकक्षातली रात्रीचा तक्ता करणारी जोडणी आठवा.

१४ नोव्हेंबरपासून चोर या राहिलेल्या किल्ल्यांनीच क्लाउडफ्लेअरच्या आत चाचपडत होते. ॲडमिनचे अधिकार असल्यामुळे त्यांनी स्वतःसाठी एक वेगळे, साध्या माणसाच्या खात्यासारखे दिसणारे खातेही उघडून ठेवले, म्हणजे एक दार बंद झाले तर दुसरे असावे. २२ तारखेला त्यांनी तिकीट-प्रणालीच्या सर्व्हरवर कायमचा ठिय्या देण्याची सोय केली. २३ तारखेला, अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी असताना, ते लक्षात आले आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढले गेले. तोवर त्यांनी वीस लाखांहून जास्त तिकिटांपैकी ३६ पाहिली होती आणि प्रोग्रॅमच्या ११,९०४ भांडारांपैकी १२० चाळली होती. आकडे लहान आहेत, कारण बाकीच्या दारांना वेगळी कुलुपे होती; ग्राहकांच्या माहितीपर्यंत ते पोचले नाहीत. पण खबरदारी म्हणून कंपनीला ५,००० हून अधिक किल्ल्या नव्याने बदलाव्या लागल्या. हा सगळा हिशेब कंपनीने १ फेब्रुवारी २०२४ रोजी स्वतः जाहीर केला. असा हिशेब जाहीर करण्याला हिंमत लागते, आणि आपल्याकडे ती क्वचित दिसते, हेही लगे हात म्हणून ठेवतो.

यावर कुणी म्हणेल, ॲडमिन दिलेच नाही, नुसते वाचायचे दिले, मग तर झाले? नाही झाले. तिकिटांच्या बाबतीत वाचण्याचा हक्क हाच मोठा हक्क आहे. अडचणीत सापडलेला माणूस तिकिटात सगळे ओततो. पास आला नाही म्हणून तो बँकेच्या पासबुकाचा फोटो टाकतो, आधारकार्डाच्या दोन्ही बाजू टाकतो, कधी कधी “हा घ्या ओटीपी, तुम्हीच बघा” म्हणून मोकळा होतो. कंपन्यांचे शहाणेसुरते अभियंतेही वेगळे वागत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये ड्रिफ्ट या गप्पा मारणाऱ्या सॉफ्टवेअरची टोकने चोरीला गेली. हे सॉफ्टवेअर संकेतस्थळावर ‘मी आपली काय मदत करू?’ म्हणणारी ती चौकट, आणि ते ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेल्सफोर्स प्रणालीला जोडलेले होते. दहाएक दिवसांत ७०० हून अधिक संस्थांच्या नोंदी उपसल्या गेल्या, आणि चोर त्या मजकुरात पासवर्ड आणि किल्ल्या शोधत होते. त्या संस्थांत क्लाउडफ्लेअर पुन्हा होतीच. तिने आपल्या तिकिटांचा मजकूर स्वतः धुंडाळला तेव्हा त्यात १०४ टोकने सापडली. गप्पांच्या चौकटीला एवढे सगळे वाचता का येत होते, हा प्रश्न त्या ७०० ठिकाणी आधी कुणी विचारला असता तर?

तेव्हा जोडणी करताना मी काय करतो ते सांगतो. प्रत्येक जोडणीला तिच्या नावाचे स्वतंत्र खाते. चौघींना एक खाते दिले की गडबड कुणी केली ते कळायला मार्ग राहत नाही. माणसाच्या नावाचे खाते तर कधीच नाही. तो माणूस बदली होऊन बार्शीला गेला की एक तर त्याचे खाते बंद होते आणि जोडणी भर नवरात्रात बसते, नाही तर जोडणी बसू नये म्हणून गेलेल्या माणसाचे खाते वर्षानुवर्षे चालू राहते. दुसरी शक्यता जास्त वाईट. सुरुवात शून्य परवानगीने करतो. ‘परवानगी नाही’ आले की नेमकी तीच देतो, आणि का दिली ते एका ओळीत लिहून ठेवतो. टोकनला मुदत घालतो, पाळीकरांच्या पाळीसारखी. शक्य असेल तिथे ते टोकन ठरावीक सर्व्हरवरूनच चालेल असे बांधून टाकतो. तासाला किती तिकिटे उघडता येतील याला मर्यादा घालतो, कारण तिकीट उघडण्याचा साधा हक्कही बिघडलेल्या सॉफ्टवेअरच्या हाती गेला तर रात्रीत लाखभर खोट्या तक्रारी साचतील आणि काकाचे तिकीट त्यात गाडले जाईल.

शेवटची पायरी बहुतेकजण गाळतात. जोडणी चालते की नाही हे सगळे तपासतात. तिला जे करता येऊ नये ते करता येत नाही ना, हे कुणी तपासत नाही. त्या खात्याने मुद्दाम दुसऱ्याचे तिकीट उघडून पाहायचे, एखादे पुसून पाहायचे, नवा वापरकर्ता बनवून पाहायचा. तिन्ही वेळा ‘परवानगी नाही’ आले की मगच त्या पोराला संध्याकाळच्या गाडीला सोडायचे.

याला किंमत आहे, ती लपवत नाही. मर्यादित खात्यांमुळे कधी तरी रात्री दोन वाजता काम अडते आणि हक्क देणारा माणूस झोपलेला असतो. त्यासाठी एक आणीबाणीचे खाते असावे, पासवर्ड कागदावर, पाकीट लाखेने बंद, आणि ते फोडताना दोन माणसे हजर. पाकीट फोडले की सकाळी पासवर्ड बदलायचा. हे फार जुन्या वळणाचे वाटेल, पण खजिन्याच्या खोल्या अशाच उघडतात. कोणत्या खात्याने काय केले याच्या नोंदवह्यांबद्दल तर आपल्याकडे नियमच आहे: भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार संगणक-प्रणालींच्या नोंदी १८० दिवस सांभाळाव्या लागतात आणि हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे लागते. पण नोंदीत चौघींचे एकच नाव असेल तर १८० दिवसांची वही चाळूनही हाती काही लागत नाही.

तुमच्या कार्यालयात, पतसंस्थेत, शाळेत अशी एखादी प्रणाली असेल तर हे प्रकरण वाचून झाल्यावर एक काम करा. तिच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या सॉफ्टवेअरांची यादी उघडा. प्रत्येक नावापुढे ते काय करते आणि त्याला काय काय करता येते, हे दोन रकाने हाताने लिहा. ज्या नावापुढे पहिला रकाना कुणालाच भरता येत नाही, ते खाते आज बंद करा; गरज असेल तर कुणी ना कुणी उद्या सकाळी फोन करेलच.